धक्क्याला बसणारे धक्के : वाचकांचे प्रश्न, अभियंत्यांची उत्तरे

जेटी, धक्का, डॉल्फिन (पाण्यात एकटा उभा असलेला, जहाजाचे दोर बांधायचा चौथरा), पाँटून अशी जहाज बांधून ठेवायची बांधकामं भूकंपात कशी टिकतात, का मोडतात आणि त्यासाठी नेमकं काय करायचं, याबद्दल आलेल्या पत्रांतले प्रश्न इथे घेतले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत. हिशेबात वापरलेले भूकंपक्षेत्राचे आकडे आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतले आहेत. तुमच्या कामाला करारात जी आवृत्ती लिहिली असेल ती धरा.

प्रश्न : जेटीला ५०,००० टनांचं जहाज बांधलेलं असताना भूकंप झाला, तर जहाजाचं वजनही जेटीच्या वजनात धरायचं का? (स्थापत्य पदविकेचा विद्यार्थी, रत्नागिरी)

नाही. जहाज जमिनीवर उभं नसतं, पाण्यावर तरंगत असतं. जमीन हलली की जेटी तिच्याबरोबर हलते, पण जहाजापर्यंत ती हालचाल फक्त दोरांमधून आणि फेंडरच्या (धक्क्याला लावलेल्या गादीच्या) रबरातून पोचते, आणि हे दोन्ही जेटीच्या मानाने फार मऊ असतात. दोरांनी बांधलेल्या मोठ्या जहाजाचा पुढेमागे झुलण्याचा एक फेरा दहा सेकंदांहून कितीतरी लांब असतो, तर भूकंपाचा मुख्य जोर सेकंदाच्या दहाव्या भागापासून एकदोन सेकंदांपर्यंतच्या हेलकाव्यांत असतो. जहाज हलायचा विचार करेपर्यंत जमीन चार वेळा उलटसुलट जाऊन आलेली असते. जहाज धक्क्याला लागतानाचा आदळही भूकंपाबरोबर एकाच वेळी धरत नाहीत.

ज्याचं वजन धरायचं असतं आणि जे हमखास विसरलं जातं, ते म्हणजे पाणी. पाण्यात हलणारा गोल पाइल (जेटी ज्यावर उभी असते तो जमिनीत रोवलेला खांब) स्वतःबरोबर आजूबाजूचं पाणीही ढकलतो, साधारण त्याने स्वतः व्यापलेल्या जागेइतकं. १ मीटर व्यासाच्या पाइलचं काँक्रीट दर मीटरला १.९६ टन भरतं, त्यात खाऱ्या पाण्याचे ०.८ टन मिळवायचे. म्हणजे पाण्यातल्या लांबीपुरतं ४० टक्के जादा वजन. पाइलवर चहूबाजूंनी कालवं आणि शिंपले ५ सेंटिमीटर चढले की व्यास १.१ मीटर होतो आणि हे पाण्याचं वजन आणखी २१ टक्क्यांनी वाढतं.

प्रश्न : आमच्या हिशेबात भूकंपाचा जोर बोलार्डच्या (जहाजाचा दोर अडकवायच्या खुंटाच्या) ओढीपेक्षा कमी येतो. मग मुंबईच्या आसपासच्या जेटीसाठी भूकंपाची तपासणी कागदापुरतीच समजायची का? (डिझाइन कार्यालयातून, उरण)

असा समज पुष्कळ कार्यालयांत आहे आणि त्यात अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं कुठे लपतं ते दाखवण्यासाठी एक हिशेब मांडू.

३० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असा जेटीचा एक तुकडा घ्या. डेक, बीम सगळं मिळून सरासरी ६० सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट, म्हणजे ५४० टन. खाली १ मीटर व्यासाचे १८ उभे पाइल, तीन ओळींत सहा-सहा. डेकपासून पाइल जमिनीत घट्ट धरला जातो त्या बिंदूपर्यंतची लांबी २० मीटर. काँक्रीट एम ४०, आणि तडे गेल्यावरचा ताठपणा मूळच्या निम्मा. पाइलचा पाण्यासह वाटा सुमारे ३७० टन आणि डेकवरच्या मालाचा थोडा वाटा सुमारे १०८ टन धरला, तर हलणारं वजन १,०२० टनांच्या आसपास येतं. तुकड्याचा हेलकावा १.४ सेकंदांचा निघतो. मुंबई भूकंपक्षेत्र ३ मध्ये (५ सर्वांत धोक्याचं), म्हणजे गुणांक ०.१६. माती मऊ, बांधकामाच्या महत्त्वानुसारचा गुणांक १.५ आणि आर, म्हणजे जोराला भागायचा सवलतीचा आकडा, ३ धरला, तर आडवा जोर येतो सुमारे ४८ टन. आता आयएस ४६५१ या बंदरांच्या संहितेच्या तिसऱ्या भागातल्या तक्त्यात ५०,००० टनांच्या जहाजासाठी एका बोलार्डची ओढ ८० टन आहे. म्हणजे तुमचं निरीक्षण बरोबर. एक बोलार्डच अख्ख्या तुकड्याच्या भूकंपावर भारी पडतो.

पण इथे तीन गोष्टी नजरेआड होतात.

पहिली, तो आर. जोराला तीनने भागलंय याचा अर्थ भूकंप लहान झाला असा नाही. पाइल तुटून न पडता वाकेल, वाकत राहील आणि तरीही डेक तोलून धरेल असा शब्द आपण देतो, म्हणून ही सवलत. शब्द न पाळता सवलत घेतली तर जोर ४८ नव्हे, १४५ टन आहे. शब्द पाळायचा म्हणजे पाइलच्या डोक्यात रिंगा दाट हव्यात. भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटच्या सळ्यांचे नियम देणाऱ्या आयएस १३९२० चा मान असा : रिंगांमधलं अंतर पाइलच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शापेक्षा, सर्वांत बारीक उभ्या सळीच्या सहा पटींपेक्षा आणि १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळवून पुढे सळीच्या सहा पट, पण किमान ६५ मिलिमीटर सरळ. स्पायरल असेल तर हाच मान त्याच्या पिचला. डोक्यापासून खाली दोन व्यासांपर्यंत हा पट्टा ठेवावा आणि गाळाखाली जिथे वाकणूक पुन्हा सर्वाधिक होते तिथेही. या दुसऱ्या पट्ट्याकडे फार कमी लोक बघतात. कारण तिथे कुणी बघायला जाऊ शकत नाही.

साइटवर मात्र काय होतं? डोक्याशी दाट रिंगा असलेली केज (सळ्यांचा पिंजरा) कट-ऑफ लेव्हलच्या, म्हणजे पाइलचं डोकं तोडायच्या पातळीच्या हिशेबाने बांधलेली असते. पाइल खडकाला ठरल्यापेक्षा दीड मीटर वर टेकतो. केज आहे तशी उतरवली जाते आणि डोकं तोडताना दाट रिंगांचा पट्टा डोक्याबरोबर मलब्यात जातो. उरतात २०० मिलिमीटरवरच्या साध्या रिंगा. पाइल किती मीटरवर थांबला हे कळल्यावरच केजचा वरचा तुकडा बांधायला सांगणं हा यावरचा साधा उपाय. दुसरं पाप याहून वाईट. पाइलच्या ३२ मिलिमीटरच्या सळ्या बीमच्या सळ्यांना आडव्या येतात, म्हणून गॅसकटरने कापल्या जातात. त्या सळीला पकड मिळायला बीममध्ये ४० व्यास, म्हणजे सुमारे १.२८ मीटर लांबी लागते. बीम एवढा खोल नसेल तर सळी वळवून लांबी भरून काढायची असते. ती कापली की सांधा हिशेबात घट्ट आणि प्रत्यक्षात बिजागरी.

दुसरी गोष्ट, आखूड पाइल. वरच्या हिशेबात सगळे पाइल २० मीटरचे धरले. पण तळ उतरता असतो, किनाऱ्याकडची ओळ उथळात असते. त्या ओळीच्या सहा पाइलची लांबी १० मीटर धरा. ताठपणा लांबीच्या घनाच्या उलट प्रमाणात जातो, म्हणजे अर्ध्या लांबीचा पाइल आठपट ताठ. बाकीच्या बारांचा मिळून ताठपणा १२, या सहांचा ४८. एकूण जोराच्या ८० टक्के वाटा एकट्या किनारी ओळीच्या माथी. शिवाय जेटी एकंदर ताठ झाल्याने हेलकावा १.४ वरून ०.७४ सेकंदांवर येतो आणि जोर ४८ वरून सुमारे ८७ टनांवर चढतो. आधीच्या हिशेबात दर पाइलला २.७ टन होते, आता आखूड पाइलला साडेअकरा. जोर जेटीच्या लांबीच्या दिशेने आला तर एका काठाला ताठ ओळ आणि दुसऱ्या काठाला लवचीक ओळ असल्यामुळे डेक पिळतोही. म्हणून सरासरी लांबी धरून एकच आकडा काढणं हा या कामातला सर्वांत महाग आळस म्हणावा लागेल.

इलाज? आखूड ओळीच्या जागी लाइनर (पाइलभोवतीची लोखंडी नळी) मोठ्या व्यासाचा घालून पाइल वरच्या काही मीटरांत मातीपासून मोकळा ठेवता येतो, म्हणजे त्याची वाकायची लांबी वाढते. किंवा ती ओळ डेकला घट्ट न जोडता सरकत्या बेअरिंगवर घेता येते. पाइल आणखी जाड करणं हा मात्र इलाज नव्हे. जाड केला की तो आणखी जोर ओढून घेतो.

तिसरी गोष्ट, सरकणं. आरने न भागता हेलकाव्यावरून काढलं तर लांब पाइलचा हा तुकडा ६८ मिलिमीटर सरकतो, आणि संहितेतला मोठा भूकंप धरला तर १३६. दोन तुकड्यांमधला सांधा कितीचा ठेवता? बहुतेक नकाशांत २५ ते ४० मिलिमीटर, उन्हाने प्रसरण पावणाऱ्या काँक्रीटचा विचार करून. शेजारचे दोन तुकडे उलट दिशांनी गेले तर ते आपटणार हे उघड आहे. क्रेनचे रूळ आणि तेलाच्या नळ्या त्या सांध्यावरूनच जातात.

प्रश्न : जुन्या जेटींना तिरके, म्हणजे रेकर पाइल सर्रास असत. नव्या नकाशांतून ते गेले, असं का? (निवृत्त सुपरवायझर, अलिबाग)

जहाजाचा आदळ आणि दोरांची ओढ झेलायला रेकर पाइल फार स्वस्त पडतो, कारण तो आडवा जोर वाकून न घेता लांबीच्या दिशेने दाबून किंवा ओढून घेतो. पण हेच ताठपण भूकंपात नडतं. आसपासचे उभे पाइल पाचदहा सेंटिमीटर आरामात झुलतात, रेकरला ते जमत नाही. सगळा जोर तोच ओढून घेतो आणि डेकशी जिथे जोडला आहे तिथे फाटतो. कॅलिफोर्नियात १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात ओकलंड बंदराच्या सेव्हन्थ स्ट्रीट टर्मिनलचे तिरके पाइल नेमके डोक्याशी तुटले. हैतीत १२ जानेवारी २०१० ला पोर्ट-ओ-प्रिन्सच्या दक्षिण धक्क्याचा एक भाग कोसळला, तिथेही तिरके पाइल निकामी झाले होते.

रेकर संहितांनी सरसकट बंद केलेला नाही. ठेवायचाच असेल तर त्याच्यावर येणारी ताण आणि दाब दोन्ही आर न वापरता काढा. खडकात घेतलेली पकड ओढीसाठी वेगळी तपासा आणि डोक्याच्या सांध्याला पाइलपेक्षा जास्त ताकद द्या. कॅलिफोर्नियात काही ठिकाणी रेकर आणि डेक यांच्यामध्ये ठरावीक जोराला सरकणारा किंवा चेपणारा भाग घालतात, विजेच्या फ्यूजसारखा. आपल्याकडे क्षेत्र ३ मध्ये त्यापेक्षा मोठ्या व्यासाचे उभे पाइलच परवडतात.

प्रश्न : खाडीतली माती आणि धक्क्यामागचा भराव यांची भीती जास्त की जेटीच्या बांधकामाची? (ठेकेदाराचे अभियंता, धरमतर परिसर)

मातीची. बंदरांचे मोठे विध्वंस बघितले तर बांधकाम आधी मोडलं आणि मग माती गेली असं क्वचितच दिसतं.

जपानमधलं कोबे, १७ जानेवारी १९९५. समुद्रात भर घालून केलेल्या बेटांच्या कडेला काँक्रीटच्या प्रचंड पेट्या ओळीने ठेवून धक्का केलेला होता. पेट्या बऱ्याचशा शाबूत राहिल्या. पण समुद्राकडे सरासरी ३ मीटर, काही ठिकाणी ५ मीटर सरकल्या, एकदोन मीटर खचल्या आणि सुमारे ४ अंशांनी कलल्या. कारण पेटीखाली होतं. मऊ चिकणमाती काढून तिथे कुजलेल्या ग्रॅनाइटची वाळूसारखी भर टाकली होती, ती नीट दाबलेली नव्हती आणि हादऱ्यांत तिचा दम गेला. त्याच बंदरातला माया धक्का ०.२५ इतका जास्त भूकंप-गुणांक धरून बांधलेला होता, तो वापरण्याजोगा राहिला.

आपल्याकडचं उदाहरण कांडल्याचं. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात बंदराच्या कार्यालयाचा २२ मीटर उंचीचा मनोरा कलला. तो ३२ पाइलवर उभा होता. पाइल सुमारे १८ मीटर लांब, वरचा १० मीटरांचा थर मऊ चिकणमातीचा आणि खाली वाळू. वाळूचं पाणी झालं, म्हणजेच द्रवीभवन. पाइल आहेत म्हणजे इमारत सुरक्षित, ही समजूत त्या मनोऱ्याने मोडीत काढली. आपला पाइल कुठल्या थरात टेकतोय आणि तो थर हादऱ्यात टिकेल का, एवढं विचारा.

न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये नोव्हेंबर २०१६ ला भर खडी-गोट्याची होती, आणि खडीचं द्रवीभवन होत नाही असं मानणाऱ्यांना तिने उत्तर दिलं. कंटेनर धक्क्यामागची भर समुद्राकडे सरकली आणि क्रेन बंद पडल्या. तुर्कस्तानच्या इस्केंदेरुनमध्ये ६ फेब्रुवारी २०२३ ला भर टाकलेली जमीन खचली आणि वर रचलेल्या कंटेनरांना लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली.

कोकणच्या खाड्यांत बहुतेक ठिकाणी वर काळी चिकणमाती आणि खाली मुरूम, मग कातळ. शुद्ध चिकणमातीचं वाळूसारखं पाणी होत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. दोन गोष्टी तरीही तपासाव्या लागतात. एक, चिकणमातीच्या मधेमधे वाळूचे पातळ थर. बोअर घेताना दर दीड मीटरला एसपीटी (हातोड्याचे ठोके मोजून मातीची घट्टी बघायची चाचणी) घेतली की अर्ध्या मीटरचा थर सहज निसटतो. वाळू दिसायला लागली की मधल्या खोलीवरही नमुना घ्यायला सांगा. आयएस १८९३ क्षेत्र ३, ४ आणि ५ साठी ५ मीटरपर्यंतच्या खोलीला दुरुस्त केलेला एन (एसपीटीतल्या ठोक्यांचा आकडा) किमान १५ आणि १० मीटर व त्याखाली २५ मागते. मधल्या खोलीसाठी सरळ प्रमाणात काढायचं. वाळूत एन ६ आला तर पुढचं सगळं डिझाइन थांबवून आधी माती बघा. दुसरी गोष्ट उताराची. जेटीखालचा उतार हादऱ्यात खाली सरकला तर चिकणमाती आपल्याबरोबर पाइलही ढकलते. हा जोर डेकच्या वजनाने येणाऱ्या जोरापासून वेगळा असतो आणि तो गाळाखाली, दृष्टीआड लागू होतो. ड्रेजिंगने उताराचा पायथा खणला की तो आणखी वाढतो. जेटी बांधल्यावर दहा वर्षांनी मोठं जहाज यायचं म्हणून दीड मीटर जास्त ड्रेजिंग करायचं ठरतं, तेव्हा उताराचा हिशेब पुन्हा कुणी करत नाही.

सुधारणेचे रस्ते : वाळू असेल तर व्हायब्रोने (खोलवर थरथरवणाऱ्या यंत्राने) घट्ट करणं किंवा स्टोन कॉलम, म्हणजे खडीचे खांब, जे हादऱ्यात पाण्याला वर निघायला वाटही देतात. चिकणमातीत सिमेंट मिसळून खोलवर खांब करणं. आणि भिंतीमागे वाळू न भरता मोठ्या दगडाची भर. मातीवरचा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काटछाट करताना सगळ्यात आधी तोच कापला जातो.

प्रश्न : निविदेत "भूकंपासाठी आयएस १८९३ नुसार" एवढंच लिहिलेलं असतं. ते पुरेसं आहे का? (सल्लागार कार्यालय, पुणे)

नाही. त्या एका ओळीवरून जेटी भूकंपानंतर काय करणार हे कळत नाही. ती पडणार नाही, की दुसऱ्या दिवशी मदतीचं जहाज लागेल, की तेल सांडणार नाही? या तीन वेगळ्या अपेक्षा आहेत आणि तिघींचा खर्च वेगळा.

जलमार्ग आणि बंदरांच्या पियांक या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००१ मध्ये बंदरांच्या भूकंप-डिझाइनची मार्गदर्शिका काढली. तिची मांडणी सोपी आहे. भूकंपाचे दोन स्तर घ्यायचे. पहिला बांधकामाच्या आयुष्यात येण्याची निम्मी शक्यता असलेला, दुसरा ५० वर्षांत येण्याची १० टक्के शक्यता असलेला, म्हणजे सरासरी ४७५ वर्षांतून एकदा. मग जेटीची श्रेणी ठरवायची. पहिल्या स्तरात एस, ए आणि बी श्रेणींनी चालू राहायचं, सी श्रेणीला दुरुस्त होण्याजोगं नुकसान चालेल. दुसऱ्या स्तरात एस श्रेणीनेही चालूच राहायचं, ए श्रेणीला दुरुस्त होण्याजोगं नुकसान चालेल, बी श्रेणीला मोठं नुकसान चालेल पण कोसळणं नाही, आणि सी श्रेणी गेली तरी चालेल. मार्गदर्शिका नुकसानाचं मापही देते. वजनावर उभ्या धक्क्याची भिंत उंचीच्या १.५ टक्क्यांपर्यंत सरकली आणि ३ अंशांपेक्षा कमी कलली तर ती वापरण्याजोगी. ५ टक्के आणि ५ अंशांपर्यंत दुरुस्त होणारी. १० टक्क्यांपुढे किंवा ८ अंशांपुढे कोसळल्यातच जमा. १० मीटर उंच भिंतीला हे १५ सेंटिमीटर, ५० सेंटिमीटर आणि १ मीटर होतात. असे आकडे निविदेत आले की वादाला जागा राहत नाही.

अमेरिकेत २०१४ पासून पिअर आणि धक्क्यांसाठी एएससीई ६१ ही स्वतंत्र संहिता आहे. तिच्यात महत्त्वाच्या धक्क्यासाठी ७२ वर्षांच्या भूकंपात किरकोळ नुकसान, ४७५ वर्षांच्या भूकंपात आटोक्यातलं आणि दुरुस्त होणारं नुकसान, आणि त्याहून मोठ्यात निदान जीव वाचावा अशी तीन पायऱ्यांची मागणी आहे. कॅलिफोर्नियातल्या तेलाच्या धक्क्यांना मोटेम्स नावाचे नियम कायद्यानेच लागू आहेत आणि त्यांत डिझाइनबरोबर तपासणीच्या वेळापत्रकाचीही सक्ती आहे. आपल्याकडे आयएस ४६५१ चे भाग बंदरावरचे भार आणि डिझाइन सांगतात, भूकंपासाठी ते आयएस १८९३ कडे बोट दाखवतात, आणि ती मुळात इमारतींच्या अनुभवावर उभी आहे. म्हणून कांडला आणि पोर्ट ब्लेअरसारख्या क्षेत्र ५ मधल्या कामांत पियांकची श्रेणी करारात लिहून घेणं शहाणपणाचं. कोकणात मासळी उतरवायच्या जेटीला एवढा खटाटोप नको. एलपीजी किंवा रसायनांच्या जेटीला मात्र हवाच, मग क्षेत्र ३ का असेना.

प्रश्न : मूरिंग डॉल्फिनमधले लोखंडी कॅटवॉक (ये-जा करायचे अरुंद पूल) सुटून पडू नयेत म्हणून टेकणी किती ठेवावी? (फॅब्रिकेटर, जयगड)

डॉल्फिन एकेकटे उभे असतात, ताठपणा वेगळा, म्हणून प्रत्येकजण आपल्या तालावर झुलतो. कॅटवॉक एका टोकाला पिनने धरलेला आणि दुसऱ्या टोकाला सरकता असतो, आणि सरकत्या टोकाला नकाशात १५० मिलिमीटरची टेकणी दाखवलेली असते. ती कमी आहे. पुलांसाठी आयएस १८९३ च्या तिसऱ्या भागात क्षेत्र २ आणि ३ साठी नियम आहे : ३०५ मिलिमीटर, अधिक गाळ्याच्या दर मीटरला २.५, अधिक खांबाच्या उंचीच्या दर मीटरला १०. २५ मीटर गाळा आणि २० मीटर उंचीला हे ५६७ मिलिमीटर होतात. क्षेत्र ४ आणि ५ मध्ये ३०५ च्या जागी ५०८. नियम पुलांचा आहे, पण कॅटवॉक हाही पूलच. एवढी जागा डॉल्फिनच्या डोक्यावर नसेल तर टेकणीला लोखंडी ब्रॅकेट वाढवा आणि वरून ढिली साखळी किंवा स्टीलचा दोर लावून ठेवा. दोर ताणून बांधू नका, नाहीतर कॅटवॉकच दोन डॉल्फिनना एकमेकांना बांधून टाकेल. कॅटवॉकवरून जाणाऱ्या केबलला आणि पाण्याच्या नळीलाही सांध्यावर तेवढाच झोल हवा.

प्रश्न : आमच्या जेटीच्या पाइलना गंज चढल्याने जॅकेटिंग केलं, म्हणजे भोवती नव्या काँक्रीटचं कवच घातलं. भूकंपालाही ताकद आली असं समजावं का? (मच्छीमार सोसायटी, सिंधुदुर्ग)

तसं समजू नका, आधी दोन गोष्टी बघा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सर्वांत आधी रिंगा जातात, कारण त्या बारीक आणि पृष्ठभागाजवळ असतात. गंजाने चहूबाजूंनी २ मिलिमीटर खाल्ले तर २५ ची सळी २१ ची होते आणि ७० टक्के उरते. ८ ची रिंग ४ ची होते आणि जेमतेम २५ टक्के उरते. उभा भार तोलायला सळ्या पुरतात, म्हणून जेटी ठणठणीत दिसते. भूकंपात पाइलचं काँक्रीट बांधून ठेवायचं काम रिंगांचं असतं आणि त्याच नाहीशा झालेल्या असतात. तेव्हा जॅकेटमध्ये नव्या रिंगा घातल्या आहेत का, आणि त्या वर बीमच्या तळापर्यंत नेल्या आहेत का, हे ठेकेदाराच्या फोटोंतून पाहा.

दुसरं, १ मीटरचा पाइल जॅकेटने १.३ मीटरचा झाला की तेवढ्या लांबीत त्याचा ताठपणा सुमारे २.९ पट होतो. वाईट दिसणारे पाचसहाच पाइल निवडून जॅकेट केले असतील तर पुढच्या हादऱ्याचा मोठा वाटा त्यांच्याकडेच जाईल. शिवाय वाकणं जॅकेटच्या खालच्या टोकाशी, जुन्या काँक्रीटमध्ये एकवटेल. निवड करताना ओळ पूर्ण करावी.

प्रश्न : हादरा जाणवल्यावर जेटीवर आधी काय तपासायचं? (बंदर कर्मचारी, रायगड)

आधी माणसं आणि माल. तेल किंवा वायूची चढउतार चालू असेल तर पंप आणि आपत्कालीन झडपा बंद, लोडिंग आर्म (जहाजाला जोडलेला नळीचा हात) सोडवून मागे. क्रेन जागेवर थांबवून तिचे रेल-क्लॅम्प आवळा आणि रूळ बघेपर्यंत चालवू नका. जहाजाला इंजिन तयार ठेवायला सांगा, कारण डॉल्फिन कलला असेल तर दोर सोडावे लागतील आणि दोर झटकन सोडणारे क्विक रिलीज हुक कललेल्या डॉल्फिनवर अडकू शकतात.

मग डेकवरून नजर. बोलार्डांची रांग ही सर्वांत स्वस्त मोजपट्टी. पहिल्या आणि शेवटच्या बोलार्डला एकाच बाजूने सुतळी ताणा, मधला कुठला बाहेर आला आहे ते लगेच दिसतं. सांध्यांची फट दोन्ही काठांना मोजा. एका काठाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असेल तर तुकडा पिळला आहे. क्रेनच्या दोन रुळांतलं अंतर दर ५ मीटरला मोजा. धक्क्यामागच्या जमिनीत काठाला समांतर लांब चिरा दिसल्या, किंवा जमिनीतून वाळू-पाणी उसळून आल्याचे लहान ढीग दिसले, तर तो भाग ताबडतोब रिकामा करा. माती हलली आहे.

खालची तपासणी ओहोटीला होडीतून. पाइलचं डोकं आणि बीम यांचा सांधा हीच मुख्य जागा, आणि सुरुवात किनाऱ्याकडच्या आखूड पाइलपासून. काँक्रीटची ढलपी उडालेली, आडवी चीर पाइलला वळसा घालून गेलेली, सळी बाहेर फुगलेली, असं काही दिसलं तर त्या पाइलवर रंगाने तारीख आणि चिरेची रुंदी लिहा. हातोडीने वाजवून पोकळ आवाज ऐका. शिंपल्यांचा थर जिथे नव्याने फुटलेला दिसतो तिथे खाली चीर असते, पाणबुड्याला तीच जागा दाखवा.

हे सगळं निरर्थक ठरतं ते आधीची मापं नसली तर. सुतळीला ३ सेंटिमीटर बाहेर आलेला बोलार्ड बांधतानाच तसा होता की काल झाला, हे सांगणार कोण? प्रत्येक बोलार्डची आणि सांध्याची मापं, तसेच डेकच्या कोपऱ्यांच्या पातळ्या वर्षातून एकदा वहीत घ्या. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे.

प्रश्न : तरंगत्या पाँटूनला भूकंपाची भीती आहे का? (वाचक, मांडवा)

पाँटूनला फार नाही, तो पाण्यावर आहे. भीती आहे ती त्याला धरणाऱ्या गाइड पाइलला आणि जमिनीशी जोडणाऱ्या गँगवेच्या (ये-जा करायच्या पुलाच्या) बिजागरीला. गाइड पाइल म्हणजे उंच, सडा खांब. गाळात पुरेसा रोवला आहे का एवढंच बघा. त्सुनामीत मात्र पाणी चढून पाँटून गाइड पाइलच्या माथ्यावरून निसटू शकतो, त्यामुळे पाइलची उंची सर्वांत मोठ्या भरतीच्या वर किती ठेवली आहे ते महत्त्वाचं.

प्रश्न : अरबी समुद्रात त्सुनामी येते का? आली तर जहाज धक्क्याला बांधून ठेवावं की सोडावं? (वाचक, वसई)

येते. २८ नोव्हेंबर १९४५ ला आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाटा मुंबईपर्यंत पोचल्या. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतून २००७ पासून त्सुनामीचे इशारे दिले जातात, आणि मकरानची लाट असेल तर आपल्या किनाऱ्याला काही तास मिळतात. तेवढ्या वेळात निघू शकणाऱ्या जहाजाने खोल पाण्यात जावं. लाट उथळात उंच होते, खोल समुद्रात तिची जाणीवही होत नाही. निघता न येणाऱ्या जहाजाचे दोर नेहमीसारखे घट्ट ठेवले तर पाणी चढताना एकतर दोर तुटतात किंवा बोलार्ड बोल्टांसकट उपटतो. दोर जास्त संख्येने पण लांब सोडा, विंचवर माणूस ठेवा आणि गँगवे काढून घ्या. पाणी अचानक ओसरून तळ उघडा पडला तर ती पुढच्या लाटेची खूण असते. अशा वेळी धक्क्यावर दोर आवरायला कुणी थांबू नये. आणि एकच लाट येऊन गेली म्हणजे संपलं असं नाही, इशारा मागे घेतल्याचा संदेश येईपर्यंत जहाज परत धक्क्याला आणू नका.